सानगडीच्या शकुनबाईचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि मी रागावलो आहे.

जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना मऊ आवाजात सांगतात, हे मला ठाऊक आहे. मीही तसंच सांगायचं ठरवलं होतं. पण माझ्या म्हातारपणी जे घडलं ते आठवलं की माझा आवाज आपोआप चढतो. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

समारंभात पाहुण्यांच्या तोंडासमोर धरतात, तो माईक मी नव्हे. मी हातभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड आहे. एका लांब दांडीच्या टोकाला मला बसवतात. वाऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून माझ्यावर करड्या केसांचं टोपडं चढवतात आणि बोलणाऱ्याच्या डोक्याच्या वर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं धरून ठेवतात. म्हणून इतक्या माहितीपटांत मी काम केलं, पण एकातही मी तुम्हाला दिसणार नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक खोली होती, तिच्या भिंती आवाज पिऊन टाकायच्या. एका बाईंनी मला त्या खोलीत ठेवून तपासलं. जगात आल्यावर मी पहिल्यांदा ऐकली ती शांतता. मग खोक्यात बसून मी मुंबईच्या एका दुकानात आलो आणि तिथून मला हेमलताताई नेरलेकरांनी घरी नेलं.

हेमलताताई माहितीपट करायच्या. त्यांची एक मालिका होती, 'जिथे थांबलो तिथे'. गाडी काढायची, रस्ता धरायचा आणि एखादा कलावंत किंवा साधंच पण बोलकं माणूस भेटलं की थांबायचं, एवढीच त्या मालिकेची रीत. सोलापूरच्या रस्त्यावर ट्रकच्या फळीवर मोर रंगवणारा एक पेंटर भेटला होता. तो ब्रश चालवताना शीळ घालायचा आणि मोराचा डोळा काढताना शीळ थांबायची. मालवणात जाळं विणणारी एक आजी भेटली, ती गाठ मारताना प्रत्येक वेळी कुणाला तरी शिवी द्यायची. हे सगळं मी ऐकलं. हेमलताताई प्रश्न विचारून गप्प बसत. समोरचा माणूस अडखळला तरी त्या मध्ये बोलत नसत. अशी माणसं माईकला फार आवडतात.

माझी दांडी धरायचा तो अश्विन. हा नागपूरचा मुलगा माझ्याबरोबरच मोठा झाला आणि आता त्याचे केस पिकलेत. पाऊस आला की तो आधी मला शर्टाखाली घ्यायचा आणि मग स्वतःसाठी आडोसा शोधायचा.

त्या मालिकेला बक्षिसं मिळाली. लोक म्हणायचे, "काय सुंदर दिसतं!" काय छान ऐकू येतं, असं कुणी कधी म्हणालं नाही. त्याचा मला राग नव्हता. खरंच नव्हता. चांगलं ऐकू येत असलं की ते लोकांच्या लक्षातही येत नाही, हे अश्विनने मला पूर्वीच समजावलं होतं.

पुढे दूरदर्शनवरची ती वेळ दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमाला गेली आणि मालिका बंद पडली. मी कपाटात गेलो. माझ्या टोपड्याला कसर लागली. बरीच वर्षं मी कपाटाच्या दाराच्या कुरकुरीशिवाय काही ऐकलं नाही. मग अचानक एका कंपनीचा फोन आला. लोक मोबाईलवर पाहतात ना, तशा मालिका बनवणारी ती कंपनी. त्यांना 'जिथे थांबलो तिथे'चे नवे भाग हवे होते. हेमलताताईंचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेलं. तरी त्यांनी त्याच दिवशी अश्विनला बोलावलं आणि मला कपाटातून काढलं. कंपनीकडून देखरेखीला टीना नावाची एक तरुण मुलगी आली. ती वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तिचा राग येणार आहे.

भंडारा जिल्ह्यात आम्ही आलो होतो ते पितळेची भांडी घडवणाऱ्यांना भेटायला. ते काम आटोपून आम्ही साकोलीकडून सानगडीच्या रस्त्याला लागलो. रोवण्याचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस होते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे पाण्याने भरलेली लहान लहान शेतं, आणि त्यांत ओळीने वाकलेल्या बाया. गाडीची काच खाली होती. हेमलताताई एकदम म्हणाल्या, "थांबव."

बाया गात होत्या. एक बाई ओळ टाकायची, दुसरी ती उचलायची आणि मग सगळ्या मिळून ती पुढे न्यायच्या. हात मात्र कुणाचेच थांबत नव्हते. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जवळ गेलो. अश्विनने मला त्यांच्या डोक्यांवर धरलं. ओळ टाकणाऱ्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे कायचं मुंगूस आणलं जी?"

"माईक आहे, मावशी. तुमचं गाणं ऐकतो."

"ऐकते तं ऐकू दे. चावत नाही ना?"

त्या होत्या शकुनबाई. साठीच्या आसपासच्या, काटक, सानगडीतच जन्मलेल्या आणि सानगडीतच दिलेल्या. त्यांची ओळ उचलणाऱ्या कौशल्याबाई त्यांच्या शेजारीण. शकुनबाईंनी एकदा धुऱ्यावर उभ्या हेमलताताईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पुन्हा वाकल्या आणि तिथल्या तिथे गाऊ लागल्या:

"कॅमेरेवाली बाई आली, धुऱ्यावर उभी राह्यली,
दुरून पाह्यलं चिखलाले, हात लावून नाही पाह्यली!"

सगळी ओळ हसत सुटली. हेमलताताईसुद्धा हसल्या. मग त्यांनी चपला काढल्या, साडी खोचली आणि त्या वयात सरळ बांधीत उतरल्या. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतल्या. कौशल्याबाईंनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. चिखलाने त्यांचा पाय सोडताना जो आवाज केला, तो मी इतका स्वच्छ टिपला की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"आता पाह्यला ना? कसा लागते चिखल?" शकुनबाईंनी विचारलं.

"गार लागतो."

"दुपारी येजा, मंग सांगजा."

दुपारी धुऱ्यावर बसून, भाकर खाताखाता शकुनबाई बोलल्या. गाणं कसं बसवता, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बसवत नाही जी. समोरचा मानूस पाह्यला का तोंडात येते. थांबवता येत नाही. एका सालची गोष्ट सांगू? शेताचा मालक चहा देये तो निस्ता पानी. बोलून सांगितलं तं मानसाले राग येते. मंग आम्ही गान्यात म्हनलं, चहात मालकाचं तोंड दिसते म्हनून. मालक धुऱ्यावर उभा होता. हासला. दुसऱ्या दिवशी चहात दूध पडलं. गान्यात सांगितलं का मानूस हासते, अन् आपलं काम होऊन जाते."

मित्रांनो, हे बोलणं नीट लक्षात ठेवा. मी फार माणसांना ऐकलं आहे, पण गाणं कशासाठी असतं ते इतकं थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यामागे बगळ्यांचे पंख वाजत होते, दूर कुठे इंजिनाचा पंप धडधडत होता आणि मध्येच शकुनबाई चटणीच्या तिखटाने सुस्कारा सोडत होत्या. मी एकही गोष्ट सोडली नाही.

निघताना हेमलताताई म्हणाल्या, "तुमचा भाग आधी तुम्हालाच दाखवीन. मग जगाला."

"दाखवजा मंग. लोक येतात, फोटो काढतात, चालले जातात. दाखवत कोनीच नाही."

पुण्याला परतल्यावर हेमलताताईंनी तो भाग बांधला. आवाज जसाच्या तसा ठेवला आणि बाहेरच्यांना कळावं म्हणून खाली अक्षरांत अर्थ दिला. मग शेवटचा हात फिरवायला तो कंपनीकडे मुंबईला गेला. त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी असताना कंपनीचा फोन आला, "ताई, आवाज थोडा साफ केलाय." त्यांना वाटलं, पंपाची धडधड कमी केली असेल. त्या हो म्हणाल्या.

दिवाळी झाली. भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. सानगडीच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. भिंतीवर पांढरी चादर ताणली. टीना मुंबईहून तयार भाग घेऊन त्याच सकाळी थेट गावात पोचली, त्यामुळे हेमलताताईसुद्धा तो गावाबरोबरच पहिल्यांदा पाहणार होत्या. लोकांचं हसणं आणि टाळ्या जाहिरातीसाठी हव्यात, असं कंपनीचं म्हणणं होतं. म्हणून अश्विनने मला एका कोपऱ्यात उभं केलं होतं.

पुढच्या सतरंजीवर शकुनबाई बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर. शेजारी त्यांची नात हर्षा होती. ती साकोलीला कॉलेजात शिकते.

दिवे गेले. चादरीवर हिरव्या बांध्या उमटल्या आणि बासरी सुरू झाली.

बासरी! मित्रांनो, मी त्या शेतात दिवसभर होतो. तिथे कुणी बासरी वाजवत नव्हतं. सानगडीत बासरी वाजवणारा मला भेटलाच नाही. पण शहरातल्या लोकांना गाव दिसलं की बासरी ऐकू येते, त्याला कोण काय करणार! बगळे नव्हते, पंप नव्हता, चिखल मुका झाला होता. तरी म्हटलं, जाऊ दे, शकुनबाई येऊ देत.

शकुनबाई आल्या. चादरीभर त्यांचा चेहरा. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून भलतीच बाई बोलली. गोड, गुळगुळीत, रेडिओवर बातम्या द्याव्यात तशी. "आमची गाणी म्हणजे आमच्या आनंदाचा झरा आहे. आमचे मालक अतिशय प्रेमळ आहेत. ते आम्हाला रोज दुधाचा चहा देतात."

लोक आधी हसले. त्यांना वाटलं, यंत्रात काहीतरी घोटाळा झाला. मग हर्षा आनंदाने म्हणाली, "आजी, किती मस्त बोलून राह्यली तू!"

शकुनबाईंनी नातीकडे वळून पाहिलं.

"मी नाही बोलून राह्यली, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ते दुसरीच आहे."

हर्षाचं हसू तोंडातच राहिलं. इतकं हळू बोललेलं मी क्वचितच टिपलं असेल. ते आजही माझ्यातून जात नाही.

चादरीवर आता बाया रोवणा करत होत्या आणि शकुनबाईंचे ओठ ती कॅमेरेवालीची ओळ म्हणत होते. ऐकू मात्र येत होतं:

"आमुच्या गावी पाहुणी आली, आनंद मावेना मनी..."

आता कुणी हसलं नाही. कौशल्याबाई पहिल्या उठल्या. "हे आम्ही कधी म्हनलं? पाहुनी कायची, अन् मनी कायचं?"

"बंद करा," हेमलताताई म्हणाल्या. "अश्विन, बंद कर ते."

चित्र थांबलं. शकुनबाई टीनाकडे गेल्या.

"बाई, मले मुकी काहून केली?"

"मावशी, तसं नाही," टीना गडबडून म्हणाली. "सगळ्या महाराष्ट्राला समजलं पाहिजे ना. तुमची भाषा लोकांना कळत नाही."

"तुले कळते का?"

"मला... थोडी थोडी."

"सकाळी तुले म्हनलं, चहा घे, पाटावर बस, दमली असशीन. तू बसली, चहा घेतला. तेवा समजलं. मंग गानं काहून समजत नाही?"

न समजायला काय झालं होतं? अर्थ खाली अक्षरांत दिलेला होता. तो पुसून त्यांनी तिथे दुसरी जीभ बसवली होती. आणि नुसती जीभ नाही. मालकाचा चहा पातळ होता, हे त्या बायांनी मोठ्या युक्तीने, हसतहसत सांगितलेलं सत्य. त्याचा यांनी मालकाचा गौरव करून टाकला! म्हणे आवाज साफ केला. मित्रांनो, मळ कशाला म्हणतात हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती साफसफाई का द्यावी?

अश्विन उठला. त्याच्याजवळ मूळ आवाज होता, मी टिपलेला. तो म्हणाला, "मावशी, खरा आवाज आहे माझ्याकडे. लावतो. लोकांना ऐकू द्या."

शकुनबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. "डब्बीतला कायले ऐकवतं? मी जिती आहो ना इथं."

मग त्या चादरीसमोर उभ्या राहिल्या. मागे त्यांचाच थांबलेला चेहरा होता, तोंड उघडं आणि मुकं. अश्विनने मला कोपऱ्यातून उचललं आणि सवयीने त्यांच्या डोक्यावर धरलं. त्यांनी आधी चहाचं गाणं म्हटलं. मग कॅमेरेवालीचं. कौशल्याबाईंनी ओळ उचलली, मागच्या बायांनी ती पुढे नेली. आणि मग शकुनबाईंनी टीनाला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"मुंबईहून साहेबीन साबन घेऊन आली,
माह्या तोंडची बोली तिनं घासून पांढरी केली!"

सभागृह हादरलं. कुणी ताडपत्री बाजूला सारली, उजेड आत आला. बाया हसत होत्या, पण ते हसणं चिखलातल्या हसण्यासारखं नव्हतं. त्यात दात होते. हर्षा टाळ्या वाजवत नव्हती. ती उठून बायांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ओळ म्हणू लागली. तिला ती नीट येत नव्हती. एकदा चुकली. कौशल्याबाईंनी तिला कोपर मारून पुढचा शब्द सांगितला.

टीनाचे डोळे भरले होते. ती ओसरीवर गेली, तिने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. कदाचित सगळ्यांनी ऐकावं, असंच तिला वाटलं असेल.

"सर, गावाला हे मान्य नाही. आणि सर, त्यांचं बरोबर आहे."

पलीकडून वैतागलेला आवाज आला, "धान लावणारी बाई जरा शुद्ध बोलली, तर कुणाचं काय बिघडतं?"

हेमलताताईंनी टीनाच्या हातातून फोन घेतला. "ही बाई स्वतःच्या तोंडाने बोलेल. नाहीतर या भागाला माझं नाव नाही, माझी सही नाही."

"ताई, मग हा भागच जाणार नाही."

"नका पाठवू."

त्यांनी फोन टीनाला परत दिला आणि त्या पायरीवर बसल्या. मग शकुनबाई शेजारी येऊन टेकल्या.

"मी न विचारता हो म्हणाले त्यांना," हेमलताताई म्हणाल्या. "माझं चुकलं."

"डोळ्याले पट्टी होती ना तुमच्या."

"कानाला नव्हती."

शकुनबाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच माफ केलं, असं मी सांगणार नाही. कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर हेमलताताई आणि अश्विन तो भाग मूळ आवाजात घेऊन स्वतःच फिरले. मंडईचे दिवस संपत आले होते. दिघोरीला दाखवला, तुमसरकडे सिहोऱ्याला दाखवला. सिहोऱ्याच्या बाया तर पडद्यावरच्या शकुनबाईंना ओळीने ओळीचं उत्तर देऊ लागल्या. पडद्यावरची बाई थांबली, तरी ह्या थांबल्या नाहीत. हर्षाही दोन्ही गावांना आली होती. चित्र सुरू होण्याआधी ती उभी राहून सांगायची, "हे माही आजी. ते जशी बोलते, तशीच ऐकजा."

कंपनीची मालिका गेल्या महिन्यात आली. आठ भाग जाहीर केले होते, सात आले. ट्रकचा पेंटर पुन्हा आहे, पितळेची भांडी घडवणारेही आहेत. सातही भागांत सगळे एकाच गोड आवाजात बोलतात आणि सगळ्या गावांत बासरी वाजते. शकुनबाईंच्या जागी काळ्या पाटीवर एक वाक्य येतं: 'तांत्रिक कारणामुळे हा भाग उपलब्ध नाही.'

तांत्रिक कारण! मित्रांनो, त्या शेतात तांत्रिक म्हणता येईल असा मी होतो. माझी तार पक्की होती. माझ्यात ओल शिरली नव्हती. मी शकुनबाईंचा शब्दन्‌शब्द टिपला होता, चटणीचा सुस्काराही सोडला नव्हता. आपण केलेला अन्याय यंत्राच्या माथी मारून मोकळं व्हायचं, ही माणसांची मोठी वाईट खोड आहे, आणि मला ती मुळीच मान्य नाही.

आता मी खरंच थकलो आहे. हल्ली माझ्यातून बारीक सूं-सूं येते. अश्विन नवा माईक घेणार आहे आणि त्याने तो घ्यावाच. मला कपाटात ठेवा, माझी तक्रार नाही. माझी कसर झटकली नाही, तरी चालेल.

पण एक मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी, वर्गात कुणी 'मले', 'तुले', 'काहून' असं बोलत असेल, तर हसू नका. आपल्या आजीला चारचौघांत 'मला म्हण, मले नाही' असं शिकवू नका. ती काय सांगते आहे ते आधी पुरतं ऐका. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची करतात. आजी बिघडलेली नाही.